पाचटाची कोपी आणि पत्र्याची खोली

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, तर काही थेट कर्नाटकात निघतात. पुढले पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे कोपी. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवायच्या, त्यांवर चटया किंवा तट्टे टाकायचे, वरून उसाचे पाचट अंथरायचे, की झाले घर! अलीकडे पाचटाऐवजी नुसता प्लास्टिकचा कागद ओढलेला पुष्कळदा दिसतो. शहरात बांधकामावरच्या मजुरांची खोली तर चारही बाजूंनी आणि वरूनही पत्र्याची असते. हंगाम लांबला की मार्च-एप्रिलचे ऊन अशा घरांत काढावे लागते. मोठी माणसे फडात असतात तेव्हा आत एखादे तान्हे मूल झोळीत निजलेले असते.

पंखा नाही, वीज नाही. मग हे घर थंड कसे ठेवायचे?

सोलापूर-मराठवाड्याकडची जुनी माळवदाची घरे तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या जाड भिंती आणि छपरावरची माती दिवसभर उष्णता शोषतात आणि ती आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. कोपीला हा मार्ग बंद आहे. जे घर चार माणसांनी एका दिवसात उभारायचे आणि हंगाम संपताच मोडायचे, त्याला जाड भिंत कोठून येणार? तिच्याजवळ साधने तीनच : सावली, वारा आणि थोडे पाणी.

आधी उष्णता येते कोठून ते पाहू. निरभ्र दिवशी भर दुपारी उन्हात ठेवलेल्या दर चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यास पुण्याच्या अक्षांशावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे उन्हाळ्यात खरा मारा भिंतींवर नव्हे, छपरावर होतो. पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन लागते, पण पहिली काळजी छपराचीच घ्यायला हवी.

आता एक गंमत पाहा. पत्र्याच्या खोलीत तापमापक ४० अंश दाखवतो आणि झाडाखालीही ४० अंश दाखवतो असे समजा. तरी झाडाखाली बसवते आणि खोलीत बसवत नाही. का बरे? कारण तापमापक प्रामुख्याने हवेचे तापमान सांगतो. आपल्या शरीराला मात्र हवेखेरीज सभोवतालच्या पृष्ठभागांकडूनही उष्णता मिळते, आणि ती प्रारणाने, म्हणजे मध्ये हवा असो वा नसो, थेट येते.

हिशेबच करू. स्टेफान-बोल्ट्झमन नियमाप्रमाणे पृष्ठभागातून बाहेर पडणारे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. जुना गंजलेला पत्रा उन्हात ६५ अंश सेल्सिअस, म्हणजे ३३८ केल्व्हिन तापला, तर तो दर चौरस मीटरला सुमारे ७४० वॅट प्रारण खाली फेकतो. आपली त्वचा ३५ अंशांना असते. ती सुमारे ५१० वॅट परत देते. शिल्लक २३० वॅट आपल्या वाट्याला! तेच छपराची आतली बाजू ४० अंशांवर राहिली, तर शिल्लक ३५ वॅटच्या आसपास येते. नुसते स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीरच सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते आणि ती त्याला बाहेर टाकायची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक किती मोठा आहे ते कळते.

आतली बाजू थंड राखण्याचे काम पाचट फार चांगले करते. सुकलेल्या पात्यांच्या मध्ये हवा अडकून पडते आणि हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. वीतभर जाडीच्या थराची वरची पाती कडक तापतात, पण खालच्यांपर्यंत फारच थोडी उष्णता पोचते. प्लास्टिकच्या कागदाला जाडीच नाही. शिवाय तो पारभासी असला तर ऊन आतही येते. तेव्हा कागद हवाच असेल (दव-पावसासाठी तो उपयोगी आहे हे खरे), तर तो खाली आणि पाचट त्याच्यावर, असा क्रम ठेवावा.

पत्र्याच्या खोलीवर पाचट टिकत नाही. तिथे दोन उपाय आहेत. पहिला चुन्याचा : पांढरा थर बरेचसे ऊन परावर्तित करतो आणि स्वतःची उष्णता अवरक्त प्रारणाने आकाशाकडे सहज सोडतो. दुसरा लग्नाच्या मांडवाचा! छपरापासून हातभर उंचीवर तट्ट्या किंवा जुने कापड ताणून बांधावे आणि मधली जागा दोन्ही टोकांना मोकळी सोडावी. ऊन मांडवाला लागते आणि त्याची उष्णता मधून वाहणारा वारा घेऊन जातो. १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर एक लेख आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो, तरी आतल्या माणसाला जास्त उष्णता पोचत नाही, असे त्यात आढळले. जादा उष्णता त्वचेपर्यंत जाण्याआधीच निघून जाते. मांडवाचे तत्त्व तेच. मला विचाराल तर खर्चाच्या मानाने या उपायाला तोड नाही.

वाऱ्यासाठी समोरासमोर दोन उघड्या जागा हव्यात. कोपीला बहुधा एकच बुटके दार असते. मागच्या बाजूचा तट्टा दुपारी वर उचलता येईल असा बांधला, तरी पुष्कळ फरक पडतो. शेंड्याजवळ भोक ठेवले तर गरम हवा वर निघून जाते हे पुस्तकात असते, पण माणसाएवढ्याच उंचीच्या झोपडीत हा ओढा दुबळा असतो. आडवा वाराच अधिक कामाचा.

हवा त्वचेहून गरम झाली, झळा लागू लागल्या, की पाण्याची पाळी येते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषली जाते. तासाभरात एवढे पाणी उडाले तर ते ६५० वॅटहून अधिक उष्णता ओढून घेते. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या गोणपाटातून येणारी हवा जास्तीत जास्त २३ अंशांच्या आसपास उतरू शकते; प्रत्यक्षात ती थोडी वरच राहते. कोकणात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ही मर्यादा २९ अंशांवर येते, म्हणून तिथे ओल्या पडद्यांचा फारसा उपयोग नाही. कोपीवर पाणी लांबून डोक्यावर आणावे लागते. तेव्हा छपरावर ओतू नये. वाऱ्याच्या बाजूच्या दारावरचे गोणपाट तेवढे भिजवावे, आणि तेही पिण्याचे पाणी बाजूला काढून.

पाचटाचा मोठा दोष म्हणजे ते झटकन पेटते. चूल बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी आणि दोन कोप्यांत मोकळे अंतर हवे.

हे सारे शाळेच्या अंगणात पडताळता येईल. एकाच मापाची तीन खोकी घ्या. एकावर काळा रंग दिलेला पत्रा ठेवा, दुसऱ्यावर वीतभर पाचट किंवा गवत, तिसऱ्यावर तसाच काळा पत्रा आणि त्याच्या चार बोटे वर पुठ्ठ्याचा मांडव. प्रत्येकात दोन तापमापक टांगा : एक उघडा आणि दुसऱ्याचा फुगा काळ्या रंगवलेल्या टेबल टेनिसच्या चेंडूत बसवलेला. चेंडू प्रारण शोषतो, म्हणून तो शरीराला काय वाटते याचा अंदाज देतो. तापमापक प्रयोगशाळेतले घ्या; तापाचा घ्याल तर तो फुटायचा. दुपारी बारा ते तीन दर पंधरा मिनिटांनी नोंदी करा आणि प्रत्येक खोक्यातल्या दोन आकड्यांची वजाबाकी वेगळ्या रकान्यात लिहा.