जुन्या बातम्यांतील 'दुष्काळ'

जो शब्द रोज नजरेखालून जातो, त्याच्याकडे वाचकाचे लक्ष क्वचितच वेधते. 'दुष्काळ' हा असाच एक शब्द. वृत्तपत्रांच्या जुन्या फायली चाळून त्याचा मागोवा घेतला, तर शब्द तोच राहूनही त्यामागचा अर्थ व अधिकार कसा पालटत गेला, हे ध्यानी येते.

या अभ्यासास बडोद्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे. गुजराती प्रजा आणि मराठी राज्यकर्ते अशा त्या संस्थानात दोन्ही भाषांचा वापर होता. दामोदर सावळाराम यंदे यांचे 'सयाजीविजय' हे मराठी पत्र तेथे 1893 मध्ये सुरू झाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1899 मध्ये, पावसाने पाठ फिरवली. संवत 1956 चा तो काळ गुजरातेत आजही 'छप्पनियो' म्हणून ओळखला जातो. बडोदे संस्थानाची लोकसंख्या 1891 च्या शिरगणतीत 24,15,396 होती. 1901 मध्ये ती 19,52,692 भरली. साडेचार लाखांहून अधिक माणसांची ही घट उपासमार, रोगराई आणि स्थलांतर यांमुळे झाली. त्या काळच्या बातमीत 'दुष्काळ' या शब्दाचा अर्थ सरळ होता: अन्न नाही, चारा नाही, माणसे मरत आहेत. संस्कृतातील 'दुर्भिक्ष' या जुन्या शब्दाचा अर्थही हाच, भिक्षासुद्धा मिळणे कठीण.

मात्र याच सुमारास शब्दाला कायद्याचे वजन आले होते. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश अंमलाखालील प्रांतांसाठी दुष्काळ-संहिता तयार झाल्या. 1896 च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने शेतकऱ्यांना याच संहितेतील हक्क समजावून दिले. म्हणजे 'दुष्काळ' हे आता केवळ दुःखाचे वर्णन राहिले नव्हते. तो मागणीचा आधार झाला होता.

बडोदे संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1960 मध्ये ते क्षेत्र गुजरातकडे गेले. महाराष्ट्राने 1963 मध्ये एक आगळा कायदा केला. शासन शेतीच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवते व वेळीच उपाय योजते, सबब दुष्काळास आता वाव उरला नाही, अशी भूमिका घेऊन राज्यातील कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्द वगळण्यात आला व त्याजागी 'टंचाई' आली. पुढे 1972 साली पाऊस हटला. कायद्यातून गेलेला शब्द लोकांच्या तोंडून काही गेला नाही. ते वर्ष 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणूनच स्मरणात राहिले. कायद्याने शब्द गाळता येतो, परंतु बोलीला आज्ञा करता येत नाही. हातांना काम देण्याच्या त्या धडपडीतूनच रोजगार हमीचा 1977 चा कायदा आकारास आला.

'टंचाई'च्या जोडीला पुढे 'दुष्काळसदृश परिस्थिती' हा शब्दप्रयोग रूढ झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक केवळ शब्दांचा नव्हे. जमीन महसुलातील सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या वीज बिलातील सवलत, विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफी या गोष्टी कागदावर कोणता शब्द उमटतो यावर अवलंबून असतात. उच्च न्यायालयात हा प्रश्न उपस्थित झाल्यावर मे 2016 मध्ये शासनाने 'दुष्काळसदृश' असे असेल तेथे 'दुष्काळ' असे वाचावे, असा निर्णय काढला. गंमत अशी, की त्याच वर्षी भारतीय हवामान विभागाने आपल्या परिभाषेतून दुष्काळवाचक इंग्रजी शब्द काढून 'तुटीचे वर्ष' अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. (आणा चलनातून केव्हाच गेला, तरी गावोगावी पैसेवारीला 'आणेवारी'च म्हणतात, हेही येथे आठवावे.)

शिक्षकांना हा पाठ वर्गात सहज घेता येईल. ग्रंथालयातील एखाद्या वर्षाचे अंक घेऊन 'दुष्काळ' कोठे कोठे आला, ते विद्यार्थ्यांना टिपावयास सांगावे. बडोद्यासारख्या ठिकाणी, जेथे 1910 पासून मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मराठी व गुजराती मजकूर शेजारी ठेवून पाहता येईल. क्रीडापानावर 'धावांचा दुष्काळ' आढळेल, अग्रलेखात 'विचारांचा दुष्काळ' आढळेल. अशा अलंकारिक वापराची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. शब्द कोणाच्या तोंडी आहे, शेतकऱ्याच्या, मंत्र्यांच्या की बातमीदाराच्या, याचाही रकाना ठेवावा.

'ओला दुष्काळ' हा शब्द याच नोंदीत हमखास सापडेल. सप्टेंबर 2025 मधील मराठवाड्याच्या अतिवृष्टीनंतर तो बातम्यांच्या मथळ्यांत वारंवार आला. शासकीय नियमांत मात्र ही संज्ञा नाही. तेथे 'अतिवृष्टी' आहे, आणि तिचे माप महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस असे आहे.