घराचे छप्पर उडाल्यावर: मदत, कर्ज आणि आपली बँक

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या पट्ट्यात घरांची कौले आणि पत्रे उडाले, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. मृग नक्षत्र चार दिवसांवर आलेले. म्हणजे छप्पर लगेच घातले नाही, तर उरलेल्या भिंतीही पावसात जाणार. दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांचे गावचे घर तिकडे आहे, त्यांना कोरोनाच्या त्या दिवसांत उठून गावी जाणेही सोपे नव्हते. फोनवर कळेल तेवढेच कळत होते, आणि फोनही लागत नव्हता.

अशा वेळी घर पुन्हा उभे करायला पैसा कोठून येतो, त्यात आपल्या छोट्या बँकेचा किंवा पतसंस्थेचा वाटा काय, आणि तो घेताना खातेदाराने काय पाहावे, हे या धड्यात समजून घेऊ.

पहिला पैसा सरकारचा. निसर्ग वादळानंतर महाराष्ट्र सरकारने नेहमीचे दर वाढवले. पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला केंद्राच्या निकषाप्रमाणे ९५,१०० रुपये मिळत, ते दीड लाख केले. थोडी पडझड झालेल्या घरांसाठी ६,००० होते, ते १५,००० केले. कपड्यांसाठी ५,००० आणि भांड्यांसाठी ५,००० ठरले. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाड आणि सांगली-कोल्हापूरकडे पूर आला, तेव्हा यात आणखी पायऱ्या आल्या: निम्मे घर पडले तर ५०,०००, पाव पडले तर २५,०००.

हे आकडे नीट पाहा. १५,००० रुपयांत किती छप्पर होते, हे ज्याने गेल्या दोन-चार वर्षांत पत्रे घेतले आहेत त्याला वेगळे सांगायला नको. सरकारी मदत ही मदत असते, नुकसानभरपाई नसते. घर उभे करायला किती खर्च येईल हे पाहून ती ठरत नाही. सरकारने आधी ठरवलेल्या दराने मिळते. पुष्कळ लोकांचा घोटाळा येथेच होतो. यादीत नाव आले की ते निर्धास्त होतात आणि गवंड्याला बोलावतात. काम अर्ध्यावर आल्यावर पैसा संपतो, आणि मग सावकार आठवतो. दरमहा शेकडा तीनने ५०,००० रुपये उचलले, तर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये नुसते व्याजात जातात. मुद्दल तेथेच उभे.

मदत मिळण्याची पहिली पायरी पंचनामा. तलाठी किंवा ग्रामसेवक घरापाशी येऊन नुकसान लिहून घेतात. ज्या घराला कुलूप आहे आणि ज्याच्याबद्दल सांगायला कोणी नाही, ते सहज राहून जाते. शिवाय ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर अजून आजोबांचेच नाव असेल, तर पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे हा प्रश्न येतो. चार भावांपैकी दोघे दिल्लीत, एक मुंबईत, एक गावी असे असेल तर तो प्रश्न महिनोन्महिने सुटत नाही. वारस नोंद हे काम घर धड उभे असताना करण्याचे आहे.

आणखी एक गोष्ट खातेदारांना क्वचितच माहीत असते. मदतीची रक्कम ज्या खात्यात येते, त्याच बँकेचे जुने कर्ज थकलेले असेल तर बँक ती वळती करून घेईल काय? महाराष्ट्रात अशा मदतीचे जे शासन निर्णय निघतात, त्यांत बँकांनी या रकमेतून कोणतीही वसुली करू नये असे सहसा स्पष्ट लिहिलेले असते. शाखेत कोणी नाही म्हटले, तर त्या निर्णयाची प्रत दाखवून लेखी अर्ज द्यावा.

दुसरा पैसा विम्याचा. यावर थोडक्यात लिहितो, कारण ज्याने विमा आधी घेतला नाही त्याला वादळानंतर त्याचा उपयोग नाही. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड हे सारे तिच्यात येते. भाडेकरूलाही आपल्या घरातील सामानापुरता विमा तिच्यात घेता येतो. गृहकर्ज असलेल्यांनी आपल्या कर्जासोबतचा विमा घराचा आहे की फक्त कर्जदाराच्या जिवाचा, हे कागद काढून पाहावे. दोन्ही वेगळे आहेत.

आता तिसरा पैसा, बँकेचा. येथे छोट्या स्थानिक बँकेचे बळ दिसते.

ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर केरळमध्ये सहकार खात्याने ‘केअर होम’ नावाची योजना हाती घेतली. गावोगावच्या प्राथमिक सहकारी संस्थांनी आणि बँकांनी आपल्या नफ्यातून त्यात पैसा घातला, सरकारी मदतीची रक्कम त्याला जोडली, आणि घर बांधून देण्याचे काम स्वतःकडे घेतले. सुमारे दोन हजार घरे अशी उभी राहिली. ज्यांची घरे उभी होती पण आतले सारे गेले होते, त्यांच्यासाठी दुसरी योजना होती. कुडुंबश्रीच्या महिला गटांमार्फत बँकांनी एक लाख रुपयांपर्यंत कर्ज दिले, आणि त्याचे व्याज राज्य सरकारने भरले. कर्ज बाईच्या नावावर, हमी गटाची. जमिनीचा कागद मागण्याचा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ आले. मिसिसिपीच्या किनाऱ्यावरील गल्फपोर्ट गावच्या हॅन्कॉक बँकेचे मुख्यालय आणि बऱ्याच शाखा मोडल्या. वीज नाही, संगणक नाहीत. कर्मचाऱ्यांनी उघड्यावर टेबले मांडली आणि नाव, पत्ता लिहून सही केलेल्या साध्या चिठ्ठीवर प्रत्येकी २०० डॉलर देणे सुरू केले. असे सुमारे ४ कोटी २० लाख डॉलर वाटले गेले. त्यातले एक टक्काही बुडाले नाहीत, आणि पुढच्या महिन्यांत बँकेच्या ठेवी उलट वाढल्या. आपल्याकडे नुसत्या चिठ्ठीवर पैसे देण्याची सोय नाही. पण कागदपत्रे वाहून गेलेल्यांसाठी ‘छोटे खाते’ उघडता येते. त्यात एका वेळी ५०,००० पर्यंत शिल्लक आणि वर्षाला एक लाखापर्यंत जमा चालते. हे खाते मागावे लागते.

मोठ्या बँकेचा संगणक कर्जदाराचा पगार आणि जुने हप्ते पाहतो. गावच्या बँकेतील माणसाला याशिवाय हेही ठाऊक असते की या घरची वाडी पडली असली तरी मुलगा नोकरीला आहे, आणि गेल्या वीस वर्षांत यांनी हप्ता चुकवलेला नाही. ही माहिती वादळानंतरच्या आठवड्यात फार मोलाची असते.

पण कर्ज ते कर्जच. एक हिशेब करू. समजा दुरुस्तीचा अंदाज ३,२०,००० रुपये आहे. सरकारी मदत ५०,००० आणि घरची शिल्लक ७०,०००. उरले २,००,०००. बँकेने ते १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी दिले, तर हप्ता सुमारे ४,२५० रुपये येतो. बँक म्हणते, तुमची अडचण आहे, पहिले सहा महिने हप्ता नको. ऐकायला बरे वाटते. पण त्या सहा महिन्यांत व्याज चालूच असते. सहा महिन्यांनी देणे २,१०,२०० च्या आसपास जाते, आणि पुढची पाच वर्षे हप्ता सुमारे ४,४६५ होतो. एकूण साधारण १३,००० रुपये जास्त. २०२० च्या कोरोना काळात ज्यांनी हप्ते थांबवण्याची सवलत घेतली होती, त्यांना हे आठवत असेल.

सवलत घेऊ नये असा याचा अर्थ नाही. घरात मिळकतच थांबली असेल तर १३,००० रुपयांत सहा महिन्यांची उसंत महाग नाही. सावकाराच्या शेकडा तीनपेक्षा तर कितीतरी स्वस्त. पण ज्याचा पगार चालू आहे त्याने केवळ मिळते म्हणून ती घेऊ नये. आणि हप्ते पुढे ढकलणे, नव्याने बांधून घेणे हे आपोआप होईलच असे धरून चालू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आपत्तिग्रस्त भागातील कर्जदारांसाठी ही तरतूद आहे, तरीही बँकेकडे वेळेत विचारणा करणे आणि मिळालेली सवलत लेखी घेणे आपल्याच हिताचे. माफी हा शब्द तेथे कोठेही नसतो.

कर्जाचे सगळे पैसे एकदम उचलू नयेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात घरदुरुस्तीची मदत मालकांच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने दिली गेली. एक टप्पा झाला, अभियंत्याने पाहिला, की पुढचा हप्ता. हे समजावून सांगायला गावागावांत ‘संवाद सहायक’ म्हणून बायका नेमल्या होत्या. कर्जालाही हीच पद्धत लावावी. वरच्या उदाहरणात निम्मे पैसे चार महिन्यांनी उचलले, तर ३,३०० रुपयांवर व्याज वाचते, आणि गवंडी व ठेकेदारही जरा धाकात राहतात.

ज्याच्याकडे मुदत ठेव आहे त्याने आधी ठेवतारण कर्जाची चौकशी करावी. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतो, जामीनदार लागत नाही, आणि ठेव मोडावी लागत नाही. त्यानंतर सोनेतारण. विनातारण वैयक्तिक कर्ज सर्वात शेवटी. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्ज तर या रांगेत धरूच नये.

ही सगळी चर्चा घरमालकाची झाली. दिल्लीत चित्र वेगळे आहे. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. यमुना बाजार आणि नदीकाठच्या खादरमधील वस्त्या पाण्यात गेल्या. दिल्ली सरकारने बाधित कुटुंबांना प्रत्येकी १०,००० रुपये जाहीर केले आणि बुडालेली कागदपत्रे नव्याने काढून देण्यासाठी शिबिरे घेतली. खादरमधील झोपडीला जमिनीचा कागद नाही, त्यामुळे गृहकर्ज हा शब्दच तेथे लागू होत नाही. बांगलादेशात ग्रामीण बँकेने १९८४ पासून गरीब बायकांना घरासाठी कर्ज दिले. अट एकच मोठी होती, घराखालची जागा बाईच्या नावावर हवी. नदीच्या पात्रात ती अट पुरी होत नाही. तेथे बचत गट, पतसंस्थेचे छोटे कर्ज आणि उंचावर ठेवलेली कागदांची पिशवी एवढेच हाती राहते.

आता ठेवीदाराच्या बाजूने. बँक वादळग्रस्ताला जे कर्ज देते, ते तुमच्या-आमच्या ठेवींतून. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा दुकाने आणि बँकांच्या शाखा एकाच पाण्यात होत्या. गावच्या बँकेचे दुबळेपण हेच: तिचे सगळे कर्जदार एकाच दिवशी अडचणीत येतात. त्यामुळे दयाळू बँक हवी तशी हिशेबीही हवी. एकाच टोपलीत कर्जे ठेवल्याचा परिणाम दिल्लीतील काही वाचकांनी पाहिला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. बँकेच्या कर्जांचा सत्तर टक्क्यांहून मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे. मात्र पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. संस्थेच्या पाटीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, हे वाचून ठेवा.

या धड्यासोबत घरी करायचे काम: गावच्या आणि इथल्या घराच्या घरपट्टीची शेवटची पावती काढा आणि तिच्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. घराचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढून गावच्या एका नातेवाइकाकडे पाठवा. गावच्या बँकेत जुने खाते असेल आणि दोन वर्षांत त्यात काही व्यवहार झाला नसेल, तर ते निष्क्रिय झालेले असते; पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा केवायसी देऊन ते सुरू करा, आधार जोडा, वारसदाराचे नाव लावा. आणि शाखेत असाल तेव्हाच विचारून या, की पूर किंवा वादळ आले तर घरदुरुस्तीसाठी तुमची बँक किती रक्कम, किती दिवसांत आणि कोणत्या कागदांवर देते.