कॉर्नवॉलमध्ये सगळे जर्मन कसे बोलतात?

प्रश्न : गेल्या वर्षी लेकीकडे जर्मनीला तीन महिने होते. रविवारी रात्री सव्वाआठ वाजले की शेजारच्या आजी टीव्हीसमोर ठाण मांडायच्या, सोबत मीही. समुद्र, हवेली, प्रेमाची भानगड. दुकानांच्या पाट्या इंग्रजी, गाडीचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, पण माणसं झाडून सगळी जर्मन बोलणारी! हे गाव तरी कुठलं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गाव अस्सल इंग्लंडातलं, बहुधा कॉर्नवॉलमधलं. आणि हे डबिंग नव्हे बरं का. मुख्य नट जर्मन, पैसा जर्मन, प्रेक्षकही जर्मन. रोझामुंड पिल्चर या ब्रिटिश लेखिकेच्या प्रेमकथांवर झेडडीएफ ही वाहिनी १९९३पासून असे टीव्ही-चित्रपट काढते आहे. आजवर दीडशेच्या वर झाले.

आपल्याला हसू येतं खरं, पण स्वित्झर्लंडच्या कुरणात नायिका हिंदीत गाते तेव्हा आपण कुठे विचारतो? इंटरलाकेनला तर यश चोप्रांचा पुतळाच उभा आहे. तसंच इकडेही झालं. हे चित्रपट पाहून जर्मन पर्यटक कॉर्नवॉलला इतके लोटले की २००२ साली पिल्चरबाईंना आणि वाहिनीच्या क्लाउस बेलिंग यांना ब्रिटिश पर्यटनाचा पुरस्कार मिळाला. पॅडस्टोमधला प्रिडो प्लेस हा जुना वाडा तर इतक्या चित्रपटांत येऊन गेलाय, की आजी लांबूनच ओळखतील.

पिल्चरबाई जन्मल्या १९२४मध्ये, कॉर्नवॉलच्याच लेलंट गावी. १९४६मध्ये लग्न होऊन गेल्या थेट स्कॉटलंडला, डंडीजवळ. सुरुवातीला ‘जेन फ्रेझर’ या टोपणनावाने मिल्स अँड बूनसाठी कादंबऱ्या लिहिल्या. मोठं नाव झालं ते साठी उलटल्यावर, १९८७च्या ‘द शेल सीकर्स’ने. म्हणजे पुस्तकांतला तो समुद्र सासरी बसून आठवलेला, माहेरचा. माझ्या मते त्यांच्या लेखनातली खरी ओढ तीच, आणि चित्रपटवाल्यांनी नेमकी तीच उचलली. गोष्टी काय, कादंबऱ्या संपल्या तेव्हा लघुकथा घेतल्या. चार पानांच्या कथेचे दीड तास करायचे म्हणजे पाणी घालावंच लागतं. कडे, निळंशार पाणी, दोन्ही बाजूंच्या उंच कुंपणांतून जाणारी अरुंद वाट आणि तिच्यावर एक उघडी मोटार, एवढं मात्र हवंच. पाऊस सहसा नसतो. कॉर्नवॉलचा पाऊस ठाऊक असलेल्यांना हा भाग प्रेमकथेपेक्षाही अविश्वसनीय वाटत असणार!

एखाद्या रविवारी लाल रंगाची लाकडी घरं आणि तळी दिसली असतील, तर ते स्वीडन, आणि लेखिका इंगा लिंडस्ट्रॉम. ही मालिका २००४पासून चालू आहे. फक्त या बाई स्वीडिश नाहीत. ते टोपणनाव आहे क्रिस्टियाने साडलो या जर्मन पटकथालेखिकेचं, आणि आधी त्या पिल्चरच्याच पटकथा लिहीत होत्या. आजींना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.