आखातात निघालेल्या मुळशीच्या पोरांनो

पिरंगुटला एसीचं काम शिकून मी बहरीनला गेलो. पगार, ओव्हरटाइम, राहण्याची सोय, एजंटने सगळं समजावलं. तिथे राजघराणं सुन्नी आणि बहुसंख्य प्रजा शिया, हे मात्र कुणी बोललं नाही.

१४ फेब्रुवारी २०११ ला आंदोलन पेटलं आणि लोक मनामाच्या लुलू चौकात ठाण मांडून बसले. लोकांनी निवडलेलं सरकार हवं, नोकऱ्यांत भेदभाव नको, या मुख्य मागण्या. १७ तारखेच्या पहाटे पोलीस झोपलेल्या लोकांवर तुटून पडले, चौघे गेले. १४ मार्चला समुद्रावरच्या पुलावरून सौदी फौज आली. आंदोलनामागे इराण असल्याचं राज्यकर्ते सांगत होते. राजानेच नेमलेल्या बासिओनी चौकशी आयोगाला सरकारने दिलेल्या पुराव्यात तसा दुवा सापडला नाही.

या भांडणात आपण कुठे, असं आमच्या कामगार कॅम्पमध्ये सगळ्यांनाच वाटायचं. पण तिथल्या पोलिसांत पाकिस्तान आणि इतर देशांतून आणलेले सुन्नी शिपाई खूप, शियांना भरती जवळजवळ बंद. त्यामुळे चिडलेल्या जमावाला आपल्यासारखा चेहरा दिसला की तो सरकारचाच माणूस वाटायचा. त्या मार्चमध्ये दक्षिण आशियाई कामगारांवर हल्ले झाले. ५ नोव्हेंबर २०१२ च्या मनामातल्या स्फोटांत मेलेले दोघेही आशियाई, एक भारतीय.

आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. २०११ च्या मार्चमध्ये संचारबंदी लागली, ऑफिसला कुलूप, मॅनेजर फोन उचलेना. अश्रुधूर आत येऊ नये म्हणून आम्ही दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले होते. विमानाचं तिकीट मिळालं असतं, तरी निघता आलं नसतं.

म्हणून पासपोर्ट स्वतःजवळच ठेवा, त्याची झेरॉक्स घरी ठेवा. पोहोचल्यावर भारतीय दूतावासात नाव नोंदवा. दहावी झाली नसेल तर एमिग्रेशन क्लिअरन्सशिवाय निघू नका, व्हिजिट व्हिसावर कामाला तर मुळीच नको. प्रवासी भारतीय बीमा योजनेत २७५ रुपयांत दोन वर्षं १० लाखांचा विमा मिळतो, तो काढा.

मोर्चाचं शूटिंग करू नका, फॉरवर्डही नको. सेनापती बापटांच्या धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. त्या चौकातल्या लोकांबद्दल मला तेव्हाही आपुलकी वाटली, आजही वाटते. पण परक्या कामगाराने तिथे पाऊल टाकलं तर तुरुंग, नाहीतर हद्दपारी. शिया-सुन्नींवर खोलीत शेरेबाजीही नको. शेजारच्या खाटेवरचा माणूस यांतलाच कुणी असतो.

बहरीनच्या भांडणात ज्यांची नावं आली, त्या सौदी आणि इराणचे संबंध जानेवारी २०१६ मध्ये तुटले, मार्च २०२३ मध्ये चीनच्या मध्यस्थीने जुळले. ते पुन्हा बिघडणार नाहीत याची हमी कोणताच एजंट देऊ शकत नाही. त्याच्या हातावर पैसे ठेवण्याआधी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना तपासा.