दिरहम स्थिर, रुपया हलता

प्रश्न : मुलगा दुबईत नोकरीला आहे. दिरहमचा डॉलरमधला भाव वर्षानुवर्षे तोच, रुपयाचा मात्र रोज बदलतो. आपला रुपया कमकुवत आहे म्हणून का?

उत्तर : नाही, व्यवस्थाच वेगळ्या आहेत. अमिरातीने १९९७पासून डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर बांधून ठेवला आहे. तेलाचे पैसे डॉलरमध्ये येतात, म्हणून ते जमते. पण अमेरिकेने व्याजदर वाढवले की अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेलाही बहुधा वाढवावे लागतात, गरज असो वा नसो. रुपयाचा दर मार्च १९९३पासून बाजार ठरवतो. फार चढउतार होऊ लागले की रिझर्व्ह बँक डॉलर विकते किंवा घेते. दर बांधलेला नसल्यामुळे व्याजदर ठरवताना तिला इथली महागाई पाहता येते. एवढ्या मोठ्या देशाला मला हेच योग्य वाटते. मुलाने पाठवलेल्या दिरहमचे रुपये मात्र डॉलरच्या भावाप्रमाणेच कमीजास्त होतील.