मळणी यंत्राचे तोंड आणि मजुराचा हात

सोयाबीनची सोंगणी आटोपली की मळणी यंत्राला गावोगाव मागणी येते. पूर्वी खळ्यावर बैलांची पात धरून जे काम आठवडाभर चाले, ते आता काही तासांत उरकते. या सोयीचे मोल कोणीही नाकारणार नाही. मात्र याच हंगामात तळहात वा बोटे गमावलेले मजूर रुग्णालयांत दाखल होतात आणि कागदोपत्री कारण नोंदले जाते, ‘मजुराची हयगय’. हा शेरा कितपत न्याय्य आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

प्रथम यंत्राची गती पाहू. साठ सेंटीमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर एका सेकंदात त्याचे १० फेरे होतात. हाताला झटका बसल्याचे जाणवून तो मागे घेण्यास निरोगी माणसालाही सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत ड्रमचे अडीच फेरे पुरे होतात, म्हणजे त्याच्या कडेवरील दाता साडेचार मीटरांहून अधिक अंतर कापतो. सावधपणा कितीही असला तरी या शर्यतीत हात जिंकू शकत नाही. तेव्हा हात ड्रमपर्यंत पोहोचूच नये, अशी रचना हवी.

ती रचना म्हणजे पेंढी सरकविण्याची पन्हळ. शक्तिचलित मळणी यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी १९७९ मध्ये ठरविलेल्या भारतीय मानकात (क्रमांक ९०२०) पन्हळीची लांबी किमान ९० सेंटीमीटर व त्यांपैकी ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे सांगितले आहे. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात सामान्यतः याहून आखूड असतो. मापामागील हिशेब एवढा सरळ आहे. पण आखूड, उघड्या तोंडात पीक भराभर कोंबता येते. मळणीचा दर पोत्यावर ठरलेला असला म्हणजे यंत्रमालकाला घाई असते आणि झाकण काढून ठेवले जाते. त्यातच माल ओलसर असेल तर तो ड्रमभोवती गुंडाळतो, यंत्र घुसमटते आणि मजूर शेवटची मूठ हाताने आत लोटतो. रात्रीचा एकच दिवा, दहा-बारा तासांचा शीण, हातातील बांगडी वा कडे, सैल पदर किंवा खांद्यावरचे उपरणे यांनी उरलेले काम पुरे होते.

कडबाकुट्टीचा धोका थोडा निराळा आहे. तेथे रूळ वैरणीला स्वतःच आत ओढतात. वैरणीबरोबर बोटे सापडली की हात पात्यापर्यंत खेचला जातो. रुळांची दिशा उलटविणारा दांडा चालविणाऱ्याच्या सहज हाताशी असावा. गोठ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या हातयंत्राचे चाक मुले खेळ म्हणून फिरवितात. काम संपताच चाकाला साखळी व कुलूप घालणे हा यावर अल्प खर्चाचा उपाय आहे. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी.

संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या विनियमनासाठी अधिनियम संमत केला, तो मुख्यतः शक्तिचलित मळणी यंत्रे डोळ्यांपुढे ठेवूनच. परंतु कायद्याचे कलम खळ्यावर आपोआप येत नाही. हंगामापूर्वी भाड्याने यंत्रे देणाऱ्यांना ग्रामपंचायतीने बोलावून प्रत्येक पन्हळ मोजावी, पट्ट्यांवर जाळी आहे की नाही ते पाहावे आणि त्याची नोंद ठेवावी. मोजपट्टी शाळेतही मिळेल. अपघात झालाच, तर पंचनाम्यात पन्हळीचे माप आवर्जून लिहावे; केवळ ‘हयगय’ या शब्दावर भागवू नये.

भरपाईच्या बाबतीत एक उणीव स्पष्ट दिसते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव गमावल्यास १ लाख रुपयांची तरतूद आहे. पण ती खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी. पन्हळीपाशी उभा असतो तो बहुधा भूमिहीन मजूर. त्याचा दावा कामावर लावणाऱ्याकडे असतो. भरपाईच्या १९२३ च्या कायद्याने यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणारे शेतकाम आपल्या कक्षेत घेतले होते आणि अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के घट धरली होती. आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. हे त्या मजुराला ग्रामसेवकाने वा सदस्याने सांगितले नाही, तर सहसा कोणीच सांगत नाही.

अपघातस्थळी प्रथम यंत्र बंद करावे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, चुना वा राख लावू नये. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोटाला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, त्याने पेशी मरतात. पिशवी रुग्णासोबतच, बोट जोडण्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात त्वरेने पोहोचवावी. असे जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी मळणी सुरू होण्यापूर्वीच करून त्याचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.