बोलकी चिन्हे

मनुष्य लिहावयास शिकला, त्याच्या कितीतरी आधी तो चित्रे काढावयास शिकला होता. अक्षर वाचण्यासाठी शाळेत जावे लागते. परंतु चित्र ओळखण्यासाठी ती वस्तू एकदा पाहिलेली असली म्हणजे पुरते. चित्राच्या या शक्तीचा उपयोग आपल्या देशाने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत करून घेतला. ही निवडणूक १९५१-५२ साली झाली. त्या वेळी देशातील १०० माणसांपैकी सुमारे १८ माणसांनाच लिहितावाचता येत होते. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. मतदानकेंद्रात प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. बैलजोडी, झोपडी, वडाचे झाड, दिवा अशी ती चिन्हे होती. ज्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, अशा कोट्यवधी स्त्रीपुरुषांनी ती पाहून आपले मत दिले.

आज अशाच चित्रांचा मेळा स्मार्टफोनच्या पडद्यावर भरलेला असतो. या चित्रांना आयकॉन म्हणतात. आयकॉनवर बोट ठेवले, की त्या कामाचे ॲप उघडते. तथापि सर्वच आयकॉन सर्वांना कळतात, असे नाही. गाण्यांच्या ॲपवर पुष्कळदा पाश्चात्त्य संगीतलिपीतील स्वरचिन्ह असते. ती लिपी ज्याने कधी पाहिली नाही, त्याला त्या चिन्हात गाणे कसे दिसावे? यास्तव आपल्या माणसांना समजतील असे आयकॉन आपणच काढावे, ही कल्पना मोठी उपयोगाची आहे. अशा आयकॉनच्या जुडीला ‘आयकॉन पॅक’, म्हणजे चिन्हसंच, असे म्हणतात.

ही कला फार जुनी नाही. सुझन केअर या अमेरिकन चित्रकर्त्रीने १९८३ साली मॅकिंटॉश नावाच्या संगणकासाठी आयकॉन काढावयास घेतले. तिने आपली साधी चौकटीची वही समोर ठेवली. आडव्या ३२ व उभ्या ३२ अशा १,०२४ चौकटींत एक चित्र बसवावयाचे होते. चौकट एकतर काळी करावयाची, नाहीतर पांढरी ठेवावयाची; तिसरा रंगच नव्हता! एवढ्या थोड्या जागेत तिने कचऱ्याचा डबा काढला आणि हसरा संगणकही काढला. आपल्याकडे दारापुढे ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या किंवा कापडाचे धागे मोजून कशिदा काढणाऱ्या स्त्रियांना हे काम मुळीच परके वाटले नसते. ठिपके मोजून आकृती साधणे, हीच दोन्हींतील युक्ती होय.

थोड्या रेषांत पुष्कळ सांगणारे एक चिन्ह महाराष्ट्रातही जन्मास आले. पवई येथील आय.आय.टी.त शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ या दोन अक्षरांचा मेळ घालून रुपयाचे चिन्ह रेखाटले. १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने ते स्वीकारले. आज ते नोटांवर, नाण्यांवर आणि फोनच्या अक्षरफलकावर दिसते.

आता समजा, गंगाखेड तालुक्यातील एखाद्या खेड्यात सहावीत शिकणारी एक मुलगी आहे. दिवाळी झाली, की तिचे आईवडील ऊसतोडीसाठी दूरच्या जिल्ह्यात जातात. घरी ती व आजी अशा दोघीच राहतात. आजीला अक्षरओळख नाही. फोन वाजला तर ती तो घेते. परंतु लेकाची खुशाली विचारावीशी वाटली, तरी नात शाळेतून येईपर्यंत तिला थांबावे लागते. अशा मुलीने आजीसाठी चिन्हसंच करावयाचे ठरविले, तर ते कसे करावे?

प्रथम तिने आजीला लागणाऱ्या कामांची यादी करावी. लेकाला फोन, भजने, पाऊसपाणी, शेतीची माहिती, घरच्यांची छायाचित्रे, विजेरी एवढी पुरेत. नंतर प्रत्येक कामासाठी आजीच्या ओळखीची वस्तू शोधावी. भजनांना टाळ, पाऊसपाण्याला ढग, शेतीला कापसाचे बोंड आणि लेकासाठी त्याचा फेटा. ही चित्रे गणिताच्या चौकटीच्या वहीत काढावी. ज्वारीच्या कणसाचा दाणा न् दाणा काढण्याचा मोह कोणासही होईल. परंतु पडद्यावर आयकॉन बोटाच्या पेराएवढाच दिसतो आणि सारे दाणे मिळून एक डाग होतो. म्हणून बाह्यरेषा ठसठशीत व तपशील थोडा असावा. सर्व चित्रांतील रेषांची जाडी सारखी असावी. पुष्कळ फोन आयकॉनचे कोपरे गोल कापतात. यास्तव महत्त्वाचा भाग मध्यभागी ठेवावा.

चित्रे सिद्ध झाली, की ती संगणकावर किंवा फोनवर उतरवावी. आयकॉन चौरस असतो. आडवे १९२ व उभे १९२ रंगबिंदू असलेले चित्र बहुतेक फोनवर स्वच्छ दिसते. यानंतर एक सूची करावी लागते. कोणत्या ॲपला कोणते चित्र द्यावयाचे, हे त्या सूचीत लिहिलेले असते. प्रत्येक ॲपला फोनच्या आतले एक नाव असते. ते लिहिताना एका अक्षराची जरी चूक झाली, तरी जुनाच आयकॉन कायम राहतो. चित्रे व सूची एकत्र बांधून चिन्हसंच सिद्ध करणारी ॲप्स मिळतात. पुढे ‘लाँचर’ला, म्हणजे फोनचा दर्शनी पडदा मांडणाऱ्या ॲपला, हा संच वापरण्यास सांगावे. अनेक लाँचर एखाद्या माणसाला थेट फोन लावणाऱ्या खुणेलाही संचातील चित्र देऊ देतात. यामुळे मूळ ॲपला काहीही अपाय होत नाही. संच काढून टाकला, की जुने आयकॉन परत दिसू लागतात.

परंतु काम येथे संपत नाही. खरी परीक्षा पुढेच असते. नात विचारील, “आजी, हे काय आहे, सांग बरे?” आणि कापसाच्या बोंडाकडे पाहून आजी कदाचित म्हणेल, “ढगच की गं!” पांढरे बोंड व पांढरा ढग यांत घोटाळा होणे साहजिक आहे. अशा वेळी आजीला समजावीत बसू नये. बोंडाखाली वाळलेले, तपकिरी, टोकदार कवच काढावे आणि पुन्हा विचारावे. आजीने न सांगता ओळखले, म्हणजे चित्र साधले.

दुसऱ्याने काढलेली चित्रे त्याच्या परवानगीवाचून आपल्या संचात घेऊन वाटू नयेत, हेही ध्यानात ठेवावे. स्वतःच्या हाताने काढलेले साधे चित्र उसन्या सुंदर चित्राहून बरे.

चिन्ह काढणाऱ्याला ते कळते, यात नवल नाही. ते पाहणाऱ्याला कळावे लागते. फेट्याच्या चित्रावर आजीने स्वतः बोट ठेवले आणि दूर उसाच्या फडातून लेकाचा आवाज तिच्या कानी आला, तर त्या लहानशा चित्राने आपले काम चोख केले, असे म्हणावे.

शब्दार्थ
सार्वत्रिक – सर्व देशभर होणारी. विजेरी – टॉर्च. दर्शनी – समोर दिसणारा. फड – ऊसतोड चाललेले शेत.

अभ्यास
१. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हांची गरज का पडली?
२. ठिपक्यांची रांगोळी आणि सुझन केअर यांचे काम यांत कोणते साम्य आहे?
३. कारणे द्या : (अ) आयकॉनमध्ये तपशील थोडा असावा. (आ) आजीला समजावीत बसू नये.
४. चौकटीच्या वहीत शाळा, बाजार व दवाखाना यांची चिन्हे काढा. ती घरातील वडील माणसांना दाखवा आणि त्यांनी काय ओळखले, ते लिहा.